अल्पाका आणि लामांबरोबर रानवाटेने : जाण्याआधी काय माहीत असावं

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातले काही शब्द गाळले आहेत, काही मुद्दाम तसेच ठेवले आहेत.)

 

आजचा विषय ऐकून काही जण हसतील, पण प्रश्न खरा आहे आणि बऱ्याच जणांनी विचारलेला आहे. इंग्लंडमधल्या आपल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मे महिना आला की एक मेसेज हमखास फिरतो. आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत, लंडन झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, देऊळही झालं. आता शनिवारी कुठे न्यायचं? मग कुणीतरी एक फोटो टाकतं. हिरवं कुरण, मागे दगडी गडगे आणि मधोमध लांब मानेचं, लोकरीच्या गोळ्यासारखं एक जनावर. खाली लिहिलेलं असतं, ‘अल्पाका वॉक, एकदम मस्त!’ त्याच्याखाली लगेच शंका सुरू होतात. चावतात का? थुंकतात म्हणे? आईचे गुडघे दुखतात, जमेल का? आणि एवढे पैसे देऊन जनावराबरोबर नुसतं चालायचं?

तर हो, नुसतं चालायचं. त्यावर बसायचं नाही, त्याला मिठी मारायची नाही. दोराचं एक टोक आपल्या हातात, दुसऱ्या टोकाला एक जनावर, आणि दोघांनी मिळून एक-दोन तास रानातून जायचं. हे जनावर कोण आहे, कुठून आलं आणि त्याला काय आवडत नाही, हे माहीत असेल तर ते एक-दोन तास छान जातात. माहीत नसेल तर हाताशी फक्त एक फोटो उरतो, आणि त्या फोटोतलं जनावर बहुतेक वेळा वैतागलेलं असतं. म्हणून आज जरा नीट, सुरुवातीपासून सांगते.

नेमकं असतं काय?

ब्रिटनमध्ये अशा फेऱ्या काढणारी छोटी-छोटी फार्म बऱ्याच ठिकाणी आहेत. आम्ही गेलो ते यॉर्कशायरमध्ये, आमच्या घरापासून तासाभरावर. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण हा भाग म्हणजे जाहिरात नव्हे.

साधारण पद्धत सगळीकडे सारखीच असते. आठ-दहा जणांचा गट. आधी पंधरा-वीस मिनिटं सूचना. मग प्रत्येकाला, किंवा दोघांत मिळून एक, असं जनावर दिलं जातं. पुढे एक वाटाड्या, शक्य असेल तर मागेही एक. दोन-तीन किलोमीटर अंतर, मध्ये एक-दोन थांबे, शेवटी चहा-केक. दर ठिकाणानुसार आणि अंतरानुसार बदलतात, पण चार जणांच्या कुटुंबाला बाहेर एकदा चांगलं जेवायला जितके लागतात तितके धरून चाला.

ही चाल शेतांतून असते, आणि इथे आपल्या लोकांना एक गोष्ट नवी वाटते. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी शेतातून जाणाऱ्या जुन्या पायवाटांवर चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. १९४९ च्या एका कायद्यानं स्थानिक कौन्सिलांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावलं. त्यामुळे शेत कुणाचंही असो, पाटी असलेल्या वाटेनं तुम्ही जाऊ शकता. अट एवढीच, की फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

पण गडग्यावरून चढून जायला जिथे दगडी किंवा लाकडी पायऱ्या केलेल्या असतात, तिथे लामा घेऊन कसं जाणार? म्हणून फार्मवाले फाटकांचाच रस्ता निवडतात, बऱ्याचदा स्वतःच्याच शेतातला. गुडघेदुखीवाल्यांसाठी हा फायदाच आहे. जिथे लामा जातो तिथे आईही जाते.

उंटाचे भाऊबंद

आता ओळख करून घेऊ. ‘लामा’ म्हटलं की आपल्याला आधी तिबेटी भिक्खू आठवतात. त्या शब्दाशी याचा काही संबंध नाही. हा लामा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेतून आला. अँडीज पर्वतातल्या लोकांची ती भाषा, इंका साम्राज्याचीही तीच.

लामा आणि अल्पाका हे उंटाच्या कुळातले प्राणी. आणि गंमत अशी, की उंटाचं कूळ वाळवंटातलं नाहीच. सुमारे ४ ते ४.५ कोटी वर्षांपूर्वी ते उत्तर अमेरिकेत उदयाला आलं. पुढे त्यातली एक शाखा तेव्हाच्या जमिनीच्या पुलावरून आशियात गेली, ते आपले उंट. दुसरी सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत उतरली. मूळ घरी, उत्तर अमेरिकेत, मात्र शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस हे कूळ संपलं. म्हणजे भाऊबंद दोन दिशांना पांगले आणि वाडा ओस पडला, असा प्रकार.

जवळून पाहिलं की नातं लगेच पटतं. वरचा ओठ मधोमध चिरलेला. पायाला टणक खूर नाही, दोन बोटं आणि खाली मऊ गादी. बसताना आधी पुढचे गुडघे टेकून मग मागचा भाग खाली, अगदी उंटासारखं. रवंथही करतात, पण गाईला पोटाचे चार कप्पे, यांना तीन. मदार मात्र नाही. माझ्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी तिथे हाच प्रश्न विचारला. मदार म्हणजे चरबीची शिदोरी. अँडीजच्या कुरणांवर थंडी भरपूर, हवा विरळ, पण गवत पायाखाली असतं. तिथे शिदोरीपेक्षा गरज असते ती विरळ हवेतून प्राणवायू ओढून घेण्याची. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवणारं आहे, त्यामुळे ४,००० मीटरवरही हे निवांत चरतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे त्याच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर यांचं रोजचं घर.

जंगली चुलतभाऊ दोन आहेत, ग्वानाको आणि विकुन्या. ग्वानाकोपासून माणसानं लामा घडवला आणि विकुन्यापासून अल्पाका. अल्पाकाचं मूळ कुठलं यावर बराच काळ वाद होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानं विकुन्याच्या बाजूनं कौल दिला. हे माणसाळवणं सुमारे ६,००० ते ७,००० वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे ही काही कालपरवा माणसाला भेटलेली जनावरं नव्हेत.

दोघांतला फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे कान आणि आकार. लामा मोठा, वजन १३० ते २०० किलो, डोकं उंच माणसाच्या बरोबरीला येतं. कान लांब आणि केळ्यासारखे आत वळलेले. अल्पाका त्याच्या निम्म्याहून कमी, ५५ ते ८५ किलो, कान सरळ टोकदार, कपाळावर लोकरीची झुलपं. लामा घडवला ओझ्यासाठी, अल्पाका लोकरीसाठी. रानवाटेवर हा फरक लगेच जाणवतो. लामा वाट बघून चालतो, अल्पाका शेजारचा काय करतोय ते बघून चालतो.

चालण्यासाठीच घडवलेला

स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात पेरूत पोचले तोपर्यंत तिथे ना घोडा होता, ना बैल, ना चाकाची गाडी. तरी हजारो किलोमीटरचे रस्ते होते. इंकांचं ते रस्त्यांचं जाळं २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्या रस्त्यांवरून माल नेला तो माणसांच्या पाठीवरून आणि लामांच्या.

एक लामा साधारण २५-३० किलो ओझं नेतो. म्हणजे बैलापुढे काहीच नाही, मोठ्या माणसाला बसवण्याचा तर प्रश्नच नाही. पण कळपानं चालतो, वाटेतलंच गवत खातो, आणि पायाखालच्या मऊ गादीमुळे निसरड्या दगडावर घसरत नाही. तांडे वरच्या पठारावरचं मीठ, सुकवलेलं मांस आणि लोकर घेऊन खाली दऱ्यांत उतरायचे, आणि मका घेऊन परत वर जायचे. तांड्याच्या पुढे एक अनुभवी म्होरक्या लामा असायचा, कानात रंगीत गोंडे बांधलेला. आपल्याकडे पोळ्याला बैल सजवतात ना, तोच भाव.

त्या तांडेवाल्यांना पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट आजही लागू पडते. ओझं जास्त झालं, किंवा लामा दमला, की तो सरळ बसतो. मग ओढा, ढकला, ओरडा, तो उठत नाही. मारझोड करून पळवता येणारं हे जनावर नाही. त्याला चालायचं असेल तरच ते चालतं.

यॉर्कशायरचं आणि आपल्या कोटाचं नातं

मग हे जनावर इथे कसं? मोठ्या संख्येनं अल्पाका ब्रिटनमध्ये आले ते १९९० च्या दशकानंतर. पण त्यांची लोकर त्याच्या दीडशे वर्षं आधीच यॉर्कशायरमध्ये पोचली होती.

ब्रॅडफर्डचे एक गिरणीमालक होते, टायटस सॉल्ट. १८३६ मध्ये लिव्हरपूलच्या गोदामात त्यांना कुणी विकत न घेतलेली अल्पाकाच्या लोकरीची पोती दिसली. ती लोकर लांब, चमकदार, पण तेव्हाच्या यंत्रांवर कातायला अवघड. सॉल्टनी प्रयोग केले आणि सुती उभ्या धाग्यावर अल्पाकाचा आडवा धागा घालून हलकं, चकचकीत कापड काढलं. त्यावर ते प्रचंड श्रीमंत झाले. पुढे एअर नदीकाठी त्यांनी नवी गिरणी बांधली, ती १८५३ मध्ये सुरू झाली. भोवती कामगारांसाठी आखीव गाव वसवलं. स्वतःचं आडनाव आणि नदीचं नाव जोडून त्याचं नाव ठेवलं सॉल्टेअर. २००१ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे, आणि तिथल्या बागेत आजही अल्पाकांचे पुतळे उभे आहेत. फेरीला जाणार असाल आणि जवळ असाल, तर सकाळी सॉल्टेअर आणि दुपारी फेरी, असा बेत छान जमतो.

आता आपलं नातं. जुन्या मराठी आठवणींत, कथांत ‘अल्पाकाचा काळा कोट’ भेटतो, आठवतंय? वकील, हेडमास्तर, कचेरीतले कारकून. अंगावर अल्पाकाचा कोट आणि डोक्यावर पगडी किंवा टोपी. उकाड्यात लोकरीचा जाड कोट घालणं शक्य नव्हतं. अल्पाका हलका, सुरकुत्या कमी पडणारा आणि झळाळी असलेला. पुढे पुढे या नावानं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कापडात खरी अल्पाका लोकर असेच असं नाही, नाव मात्र टिकलं. ज्या जनावराचं चित्रही आपल्या आजोबांनी-पणजोबांनी बहुधा पाहिलं नव्हतं, त्याचं नाव त्यांच्या खुंटीवर टांगलेलं होतं.

दोर, म्होरकी आणि अंतर

आता मुख्य भाग, म्हणजे प्रत्यक्ष चालायचं कसं.

पहिली गोष्ट दोराची. दोर हाताला गुंडाळायचा नाही. जनावर अचानक बुजलं तर हात अडकतो. जास्तीचा दोर दुमडून मुठीत धरायचा. आणि दोर सैल ठेवायचा. हे सगळ्यांत अवघड जातं, कारण आपल्याला वाटतं ओढलं की येईल. होतं उलटं. दोर ताणला की अल्पाका पाय रोवतो, आपण आणखी ओढतो, तो आणखी रोवतो. दोर ढिला सोडून दोन पावलं पुढे चाललात, तर त्याला मागे एकटं राहायचं नसतं, म्हणून तो येतो.

दुसरी गोष्ट म्होरकीची. म्हणजे तोंडावरचा तो पट्टा. तो नाकाच्या वरच्या बाजूला, डोळ्यांच्या जवळ बसलेला असायला हवा, कारण तिथे खाली हाड आहे. नाकाचा पुढचा भाग नुसत्या कूर्चेचा. हे प्राणी श्वास मुख्यतः नाकानं घेतात. पट्टा घसरून पुढे आला की श्वास कोंडतो आणि जनावर घाबरतं. लोकांना वाटतं हट्टी आहे, डोकं झटकतंय. खरं तर त्याला दम लागत असतो. तुमच्या जनावराचा पट्टा पुढे सरकलेला दिसला तर लगेच वाटाड्याला सांगा. स्वतः हात घालू नका.

तिसरी गोष्ट हात लावण्याची. त्या कपाळावरच्या झुलपाला हात लावायचा मोह होतो, मान्य आहे. पण डोकं, कान, पाय आणि मागचा भाग यांना हात लावलेला त्यांना आवडत नाही. ही शिकार होणारी जनावरं, डोक्यावरून येणारा हात म्हणजे त्यांना धोका वाटतो. मालकानं परवानगी दिली तर मानेच्या खालच्या बाजूला किंवा खांद्याला, तेही शेजारी उभं राहून. गळ्यात हात टाकून सेल्फी नको.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. नर पिल्लाला फार लाडात, बाटलीवर, माणसांत वाढवलं की ते माणसाला आपल्याच जातीचं समजायला लागतं. मग वयात आल्यावर ते दुसऱ्या नराशी भांडावं तसं माणसाशी भांडतं, छातीनं धडका देतं. म्हणून चांगले फार्मवाले पिल्लांना कुरवाळू देत नाहीत. तो खडूसपणा नाही, त्या पिल्लाचं पुढचं आयुष्य नीट जावं म्हणून ती काळजी आहे.

चौथी गोष्ट कळपाची. एकटा अल्पाका म्हणजे दुःखी अल्पाका. रांगेत अंतर पडलं की मागचा ‘हुंऽऽ’ असा बारीक आवाज काढायला लागतो. हा आवाज ते कुतूहलानं काढतात, दमल्यावर काढतात आणि काळजीनंही काढतात. रांग तुटल्यावर ऐकू आला तर बहुधा काळजीच. तेव्हा फोटोसाठी मागे रेंगाळू नका. आणि वाटेत शेणकुटीची जागा आली की थांबावं लागेल, तयारी ठेवा. हे प्राणी एकाच ठरलेल्या जागी लेंड्या टाकतात. एक थांबला की बाकीचेही आपापली पाळी येईपर्यंत शिस्तीत उभे. मुलांना हा कार्यक्रम बहुधा सगळ्यांत जास्त आवडतो. अँडीजमध्ये त्याच लेंड्या वाळवून जळण म्हणून वापरतात, आपल्या गोवऱ्यांसारख्या.

पाचवी गोष्ट खाण्याची. वाटेतल्या झुडपांना तोंड लावू द्यायचं की नाही, ते वाटाड्या सांगेल तसंच. काटेरी ब्लॅकबेरीची पानं ते आवडीनं खातात, पण ऱ्होडोडेंड्रॉन, चर्चच्या आवारात असतात ती यूची झाडं आणि पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट त्यांना विषारी आहे. पिशवीतल्या चकल्या, बिस्किटं तर अजिबात नकोत.

आणि थुंकणं?

थुंकतात, हो. पण बहुतेक वेळा एकमेकांवर, आणि बहुतेक वेळा खाण्यावरून. तू माझ्या घमेल्यात तोंड घातलंस, घे. माणसावर आलं तर ते सहसा मधे उभं राहिल्यामुळे. आधी सूचना मिळते. कान मागे पडतात, हनुवटी वर जाते, नाक आकाशाकडे. असं दिसलं की दोघांच्या मधून बाजूला व्हायचं. पहिल्या इशाऱ्यात हवा आणि थोडी लाळ, फार चिडला तर पोटातलं अर्धवट रवंथ झालेलं हिरवं गवत. त्याचा वास जाता जात नाही म्हणतात. आमच्या फेरीत कुणावर ती वेळ आली नाही.

आईचा लामा

आता जरा घरचं सांगते, कारण ‘वयस्कर माणसांना आवडेल का’ हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

माझी आई माणदेशातली. माहेरी बैल, म्हशी, शेळ्या, आणि कळप घेऊन मैलोनमैल चालणारे धनगर तिने लहानपणापासून पाहिलेले. इथे येऊन तिला तीन आठवडे झाले होते. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत. ती खिडकीत बसून रस्ता बघायची. बाहेर नेलं की आमच्या मागे-मागे चालायची, दुकानात काही विचारायचं तर माझ्याकडे बघायची. साठ वर्षं घर चालवलेल्या बाईला पाहुणी होणं किती जड जातं, ते मला दिसत होतं आणि त्यावर उपाय सुचत नव्हता.

फार्मवर मालकीणबाई सूचना द्यायला लागल्या. मी शेजारी उभी राहून भाषांतर करणार, तोवर आईच्या हातात एका तपकिरी लामाचा दोर आलासुद्धा. तिने तो दुमडून मुठीत धरला होता. मी म्हटलं, “आई, हाताला गुंडाळायचा नाही म्हणतायत.” ती म्हणाली, “कासरा कधी हाताला गुंडाळतात का गं?”

पुढे एका फाटकापाशी दोन-तीन जनावरं अडली. लोक ओढायला लागले. आईचा लामाही थांबला. तिने दोर ढिला सोडला, त्याच्याकडे पाठ केली आणि पलीकडचं शेत बघत उभी राहिली. पाऊण मिनिट गेलं असेल. तो आपणहून निघाला. मी विचारलं, “तुला कसं कळलं?” तर म्हणाली, “त्यात काय कळायचंय? त्याला फाटक बघायचं होतं. बघून झालं.”

चहाच्या वेळी तिने प्रश्नांचा सपाटा लावला. लोकर वर्षातून किती वेळा कातरता? मालकीणबाई म्हणाल्या, एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाला. एकाची किती निघते? दोन-तीन किलो. मेंढीच्या लोकरीसारखा हिचा हात चिकट का होत नाही? तर मेंढीच्या लोकरीत जो मेणचट पदार्थ असतो तो अल्पाकाच्या लोकरीत फारच कमी. नर खच्ची करता का? चालायला नेतो ते बहुतेक खच्ची केलेलेच, नाहीतर आपसांत भांडतात. मी नुसती दुभाषी. दोन बायका माझ्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत होत्या. शेवटी त्या बाईंनी मुठभर लोकर आईच्या हातात दिली. आईने बोटांत पिळून धागा काढून दाखवला.

याला मी ‘थेरपी’ वगैरे म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा खिडकीतच होती. पण संध्याकाळी तिने स्वतःहून विचारलं, इथे जवळ कुणाची जनावरं नाहीत का? आता रोज दुपारी ती फुटपाथच्या पाट्या बघत शेजारच्या शेतापर्यंत एकटी जाऊन येते. आपल्या आई-वडिलांना आपण ‘प्रेक्षणीय स्थळं’ दाखवतो. त्यांना येत असलेलं काहीतरी करायला मिळेल, अशा जागाही शोधायला हव्यात, एवढंच मला म्हणायचंय.

जागा कशी निवडायची?

बुकिंगच्या आधी फोन करा आणि हे विचारा.

एक, आधी सूचना देता का, किती वेळ? ‘या, दोर घ्या, निघा’ असं असेल तर नको.

दोन, एक जनावर दिवसातून किती फेऱ्या करतं, सुट्टी असते का? चांगले मालक आनंदानं सांगतात, कुणाची पाळी कधी ते त्यांना पाठ असतं.

तीन, फार ऊन असेल तर काय? अंगावर लोकर असलेलं हे डोंगरातलं जनावर, त्याला उष्णता सोसत नाही. गरम दिवशी फेरी पहाटे नेतो किंवा रद्द करून दुसरी तारीख देतो, असं उत्तर आलं तर ती चांगली जागा.

चार, मिठी मारून फोटो काढू देता का? इथे ‘नाही’ हे बरोबर उत्तर.

पाच, अंतर किती, चढ किती, फाटकं की पायऱ्या, स्वच्छतागृह कुठे, आणि मुलांना दोर धरायला किमान वय किती? बरीच फार्म लहान मुलांच्या हाती एकट्यानं दोर देत नाहीत.

निघताना

बूट चिखलात चालतील असे. चपला, सँडल नकोत, साडी असेल तर जरा वर खोचून. उन्हाळा असला तरी पावसाचं जॅकेट. कुत्रा घरी.

हात धुणं गंभीरपणे घ्या. फार्मवरच्या जनावरांपासून ई-कोलायसारखे जंतू येऊ शकतात आणि त्यांच्यावर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, आणि ते केक खायच्या आधी. गरोदर असाल आणि त्या फार्मवर मेंढ्या किंवा शेळ्या व्यायच्या असतील तर तिथे जाऊ नका, इथला वैद्यकीय सल्लाही तसाच आहे.

आणि एक गंमत. अँडीजच्या कडक उन्हाची सवय असलेल्या या प्राण्यांना ब्रिटनच्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून त्यांना ते वरून द्यावं लागतं. हे ऐकून आमच्या गटातल्या दोघी-तिघी देशी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आपल्यालाही इथे आल्यावर डॉक्टर हेच सांगतात ना! उन्हाच्या मुलखातून आलेल्या सगळ्यांची गत एकच. तेव्हा हिवाळ्यात अल्पाकाबरोबर आपलीही गोळी विसरू नका.

तर मंडळी, जाऊन आलात तर कळवा, विशेषतः घरातल्या मोठ्यांना काय वाटलं ते. बोलून पाठवलंत तरी चालेल, त्यांचाच आवाज असेल तर उत्तम. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.